सायकल अपघातानंतरचे वर्ष : हाड, मन आणि कागद

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या हातात काठी नाही हे पाहून अनेकांनी आनंदाने विचारपूस केली. चार-पाच जणांनी मात्र हळूच बाजूला घेऊन वेगळेच प्रश्न विचारले. "पगार चालू होता का?" "विम्याचे काय झाले?" आणि एकीने अगदी कानात, "रात्री झोप लागते का गं?" हे प्रश्न सर्वांच्याच उपयोगाचे आहेत असे संपादकांना वाटले आणि त्यांनी हा लेख मागितला. मी डॉक्टर नाही की वकील नाही. एका प्रयोगशाळेत नोकरी करणारी, गेली चौदा वर्षे लुडविग्सहाफेनला राहणारी गृहिणी आहे. जे सोसले आणि त्या निमित्ताने जे शिकले, तेवढेच येथे मांडते.

आपल्याकडे बहुतेक घरांत माणसागणिक एक सायकल असते. त्यात नवल नाही. ऱ्हाइनच्या पलीकडल्या काठावर, मानहाइममध्येच, कार्ल ड्राइस याने १२ जून १८१७ रोजी आपली दोन चाकांची, पायाने ढकलायची गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आणली. त्याच मानहाइममध्ये कार्ल बेंझने १८८६ साली मोटारीचे पेटंट घेतले. सायकल आणि मोटार ही दोन्ही भावंडे एकाच गावची. पण रस्त्यावर गाठ पडली की सोसायचे धाकट्या अंगाच्या भावंडानेच.

माझी गाठ ऑक्टोबर २०२२ मध्ये पडली. संध्याकाळी कामावरून घरी येत होते. सिग्नल हिरवा होता, मी सरळ जात होते. माझ्याच दिशेने येणारी मोटार चौकात उजवीकडे वळली आणि चालकाने मला पाहिलेच नाही. डाव्या पायाच्या नडगीचे हाड गुडघ्याच्या सांध्याजवळ फुटले. डोक्यावर हेल्मेट होते. त्याला तडा गेला, डोके वाचले.

या सगळ्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. अपघातानंतर हाड, मन आणि कागद या तिघांना बरे व्हायला वेगवेगळा वेळ लागतो. हाड सर्वांत आधी सांधते. मन त्याच्या मागून येते. तिघांतला सर्वांत मागचा गडी पोचेपर्यंत प्रकरण मिटल्याची सही करायची नाही. पुढचा लेख म्हणजे याच एका वाक्याचा विस्तार आहे.

पहिला तास

आपल्या लोकांची एक सवय आहे. पडलो की आधी उठायचे, कपडे झटकायचे आणि "काही नाही, काही नाही" म्हणायचे. समोरचा ओशाळला असेल तर उलट त्यालाच धीर द्यायचा. हा चांगुलपणा येथे महागात पडू शकतो. धक्क्याच्या भरात दुखणे कित्येकदा जाणवत नाही. मार दुसऱ्या दिवशी बोलू लागतो. म्हणून मार किरकोळ वाटला तरी ११० ला फोन करून पोलिसांना बोलवावे, अॅम्ब्युलन्स लागली तर ११२. मोटारीचा नंबर, चालकाचे नाव आणि साक्षीदारांचे फोन नंबर लिहून घ्यावेत. माझ्या बाबतीत हे काम बसथांब्यावर उभ्या असलेल्या एका बाईंनी केले. नुसता गाडीचा नंबर असला, तरी ०८०० २५० २६०० या मोफत क्रमांकावर, म्हणजे त्सेंट्राल-रूफवर, गाडीचा विमा कोणाकडे आहे ते कळते. चालक पळून गेला आणि सापडलाच नाही, तरी फेरकेअर्सऑप्फरहिल्फे ही संस्था काही अटींवर भरपाई देते.

चूक कोणाची, याची चर्चा रस्त्यावर करू नये. चालकावर निष्काळजीपणाने इजा केल्याबद्दल फौजदारी कारवाई व्हावी असे वाटत असेल, तर त्यासाठीचा अर्ज, श्ट्राफआन्ट्राग, तीन महिन्यांच्या आत द्यावा लागतो. ते ठरवायला वेळ असतो. पोलिसांची नोंद मात्र त्याच वेळी व्हायला हवी.

कामावर जाता-येता अपघात झाला तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत "वेगेउनफाल" हा शब्द सांगावा. मग उपचार डी-आर्त्झ्ट, म्हणजे अपघाताच्या केसेससाठी नेमलेल्या डॉक्टरांकडे जातो आणि खर्च बेरूफ्सगेनोसेनशाफ्ट उचलते. आपण लुडविग्सहाफेनकर याबाबतीत भाग्यवान. ओगर्सहाइमला १९६८ पासून बेगे क्लिनिक हे खास अपघातांचेच रुग्णालय आहे. मला थेट तेथेच नेले.

हाडाचा हिशेब

दोन दिवसांनी सूज उतरल्यावर ऑपरेशन झाले. प्लेट आणि स्क्रू बसले. पुढचे सहा आठवडे डाव्या पायावर फक्त वीस किलो भार टाकायची परवानगी. वीस किलो म्हणजे किती हे पायाला कसे कळणार? त्याची युक्ती सोपी आहे. फिजिओथेरपिस्टने न्हाणीघरातला वजनकाटा समोर ठेवला, कुबड्या हातात दिल्या आणि काटा विसावर येईपर्यंत पाय हळूहळू टेकायला लावला. हे रोज करायचे. बाजारात डोळे मिटून पाव किलो भेंडी तोलणारी भाजीवाली असते ना, तसा माझा पाय तयार झाला.

घरात काही गोष्टी पहिल्याच आठवड्यात कराव्यात. शॉवरमध्ये प्लॅस्टिकचे स्टूल, जमिनीवरचे सैल गालिचे उचलून ठेवणे, स्वयंपाकाच्या ओट्याशी उंच खुर्ची. कुबड्या धरल्या की दोन्ही हात अडकतात, चहाचा कपही नेता येत नाही. झाकणाची बाटली आणि पाठीवरची पिशवी उपयोगी पडते. पाय हलत नाही तोवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात रोज एक इंजेक्शन घ्यावे लागते. ते आपले आपण टोचायला शिकवतात. दोन दिवसांत सवय होते.

खाण्याबद्दल प्रत्येकाकडे सल्ला असतो. डिंकाचे लाडू, नाचणी, खारीक, सारे आले आणि मी आनंदाने खाल्ले. पण शाकाहारी मंडळींनी प्रथिनांकडे जाणून लक्ष द्यावे: डाळ, दही, पनीर, येथला क्वार्क. ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. आपल्या सावळ्या त्वचेला येथल्या हिवाळ्यात ते पुरेसे मिळत नाही आणि हाडाला ते हवे असते.

खरी परीक्षा हाड सांधल्यानंतर सुरू होते. एक्स-रे पाहून डॉक्टर "छान" म्हणाले तेव्हा माझी मांडी निम्म्याने वाळली होती आणि गुडघा काटकोनातही वाकत नव्हता. फिजिओथेरपी म्हणजे मालीश नव्हे, ती शिकवणी आहे. आठवड्याचे दोन तास तेथे आणि बाकीचा गृहपाठ घरी. सरकारी आरोग्यविम्यात प्रत्येक चिठ्ठीमागे दहा युरो आणि खर्चाच्या दहा टक्के आपल्याला भरावे लागतात. वेगेउनफाल असेल तर काहीच भरावे लागत नाही.

धीर सुटू लागला की मी व्यावसायिक सायकलपटूंची आठवण काढत असे. २३ जानेवारी २०१६ रोजी स्पेनमध्ये सराव करणाऱ्या एका संघावर चुकीच्या बाजूने आलेली मोटार धडकली आणि सहा जण जखमी झाले. त्यांतल्या जर्मनीच्या जॉन डेगेनकोल्बचे बोट तुटता तुटता वाचले. टूर द फ्रान्समधला एक टप्पा त्याने त्यानंतर अडीच वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये जिंकला. चॅड हागा या अमेरिकन खेळाडूला मानेला आणि चेहऱ्याला गंभीर जखमा झाल्या होत्या. जिरो दिताल्याचा शेवटचा टप्पा त्याने २०१९ साली जिंकला. ज्यांचा धंदाच शरीर कमावण्याचा, ज्यांच्या दिमतीला डॉक्टर आणि मालीशवाले, त्यांना एवढा काळ लागला. मग आपण सहा आठवड्यांत का घाबरावे?

मनाचा हिशेब

याबद्दल आपल्यात बोलत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिले काही आठवडे डोळा लागला की मोटारीचा तो चंदेरी रंग दिसायचा. ट्रामचा ब्रेक करकरला तरी काळजात धस्स व्हायचे. मुलगी शाळेतून दहा मिनिटे उशिरा आली की माझे हातपाय गार पडायचे. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "देवाची कृपा, थोडक्यात निभावले." ते खरेच होते. पण थोडक्यात निभावले म्हटल्यावर रडायची सोय राहत नाही.

डॉक्टरांकडून कळले ते असे. अपघातानंतर पहिल्या काही आठवड्यांत वाईट स्वप्ने, दचकणे, चिडचिड, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणे हे बहुतेकांना होते आणि आपोआप ओसरते. महिन्याहून अधिक काळ ते टिकले, किंवा माणूस रस्ता, वाहन, त्या आठवणी टाळायला लागला, तर मानसिक आघाताचा विकार असू शकतो आणि त्यावर उपचार घ्यावेत. हा विकार केवळ सैनिकांना होतो असा समज होता. एडवर्ड ब्लँचर्ड आणि एडवर्ड हिकलिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वाहन-अपघातांतून वाचलेल्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९९७ साली त्यावर पुस्तकच लिहिले. हा मनाचा कमकुवतपणा नाही. धोक्याची घंटा वाजवणारी मेंदूतली यंत्रणा धोका टळल्यावरही वाजत राहते, इतकेच.

सहाव्या आठवड्यात डी-आर्त्झ्टने गुडघा तपासता तपासता विचारले, "झोप कशी आहे?" मी खरे ते सांगितले. त्यांनी त्याच दिवशी मानसोपचाराची चिठ्ठी दिली. बेरूफ्सगेनोसेनशाफ्टच्या केसमध्ये ही सोय असते आणि ती तुलनेने लवकर मिळते. इतरांनी ११६११७ या क्रमांकावर फोन करून मानसोपचाराच्या पहिल्या भेटीची वेळ मागावी. आघातावर केंद्रित बोलण्याची थेरपी आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर पद्धत, दोन्ही येथे उपलब्ध आहेत. ईएमडीआरला सरकारी विम्यात मान्यता देण्याचा निर्णय २०१४ साली झाला. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलेफोनझेलझॉर्गेचा ०८०० १११ ०१११ हा क्रमांक मोफत आणि नाव न सांगता वापरता येतो.

माझी अडचण भाषेची होती. कामापुरते माझे जर्मन चांगले आहे. पण "धस्स झाले", "पोटात गोळा आला", "जीव टांगणीला लागला" याला जर्मन शब्द सुचेना; सगळ्याला मी "आंग्स्ट" म्हणत होते आणि ऐकताना ते माझे मलाच खोटे वाटत होते. थेरपिस्ट बाईंनी सुचवले, आधी मराठीत मोठ्याने बोला, मला कळले नाही तरी चालेल. मग जर्मनमध्ये सांगा. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर रडले. भाषेमुळे थेरपी टाळणाऱ्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगते.

रस्त्याची भीतीही फिजिओसारखीच टप्प्याटप्प्याने काढतात. आधी नवऱ्याबरोबर त्या चौकापर्यंत चालत गेले. पुढच्या आठवड्यात एकटी जाऊन सिग्नल पाच वेळा बदलेपर्यंत उभी राहिले. मग पार्कइन्झेलवर, जेथे नदीकाठी मोटारी नसतात, तेथे दहा मिनिटे सायकल. प्रत्येक टप्प्यावर घाबरटपणा आधी चढतो आणि थांबून राहिले की उतरतो. तो उतरेपर्यंत थांबणे हेच औषध. त्या चौकातून मी पुन्हा सायकलने गेले ते अकरा महिन्यांनी.

कागदाचा हिशेब

आता पैशाकडे वळू. पगार पहिले सहा आठवडे मालक देतो. नंतर वेगेउनफाल असेल तर फरलेट्स्टेनगेल्ड मिळते: ढोबळ पगाराच्या ८० टक्के, पण हातात पडणाऱ्या पगाराहून जास्त नाही. अपघात खासगी वेळेत झाला तर सरकारी आरोग्यविम्याकडून क्रांकेनगेल्ड: ढोबळ पगाराच्या ७० टक्के, हातच्या पगाराच्या फार तर ९० टक्के, एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवडे. कामावरचा रस्ता शक्यतो थेट असावा. वाटेत खासगी खरेदीला दुकानात शिरलात तर तेवढा वेळ संरक्षण थांबते. मुलाला किंडरगार्टनमध्ये सोडण्यासाठी घेतलेला वळसा मात्र चालतो. शाळेत जाणारी-येणारी मुलेही अशाच सरकारी अपघातविम्यात असतात.

काही जणांना धास्ती असते की इतके पैसे घेतले तर व्हिसावर परिणाम होईल. आपण हप्ते भरून मिळवलेले हे लाभ कायद्याने सरकारी मदत धरले जात नाहीत. ही भीती मनातून काढून टाकावी.

कामावर परतताना हाम्बुर्गर मोडेलची मागणी करावी. रोज दोन तास, मग चार, मग सहा, असे काम वाढवतात आणि तोवर आपण कागदोपत्री आजारीच असतो. इजा कायमची राहिली आणि २६ आठवड्यांनंतरही कमावण्याची क्षमता किमान २० टक्के कमी ठरली, तर बेरूफ्सगेनोसेनशाफ्ट पेन्शन देते. पूर्ण पेन्शन वार्षिक कमाईच्या दोन-तृतीयांश असते. समजा कमाई ४८,००० युरो. तर पूर्ण पेन्शन ३२,००० आणि २० टक्क्यांची पेन्शन वर्षाला ६,४०० युरो.

हे झाले आपल्या विम्याचे. मोटारवाल्याच्या विम्याकडून मागायचे ते वेगळे. जर्मन कायद्यात मोटारीच्या मालकावर चूक सिद्ध न होताही जबाबदारी येते; सायकलस्वाराचीही चूक असेल तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते. म्हणून सायकलमार्गावर उलट्या दिशेने जाऊ नये. हेल्मेट नसले म्हणून भरपाई कापता येत नाही असे सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १७ जून २०१४ रोजी सांगितले. तरी हेल्मेट घालाच, डोके निकालाने वाचत नाही. दहा वर्षांखालच्या मुलाची मोटारीशी टक्कर झाली तर मुलाने मुद्दाम केले नसेल तोवर त्याला जबाबदार धरत नाहीत.

काय मागता येते? सायकल, हेल्मेट, फाटलेले कपडे, टॅक्सी, पगारातली तूट, आणि वेदनांची भरपाई म्हणजे श्मेर्त्सेन्सगेल्ड. बेरूफ्सगेनोसेनशाफ्ट श्मेर्त्सेन्सगेल्ड देत नाही. ते मोटारवाल्याच्या विम्याकडूनच घ्यायचे. त्याचे ठरलेले दर नाहीत, पूर्वीच्या निकालांवरून अंदाज बांधतात. मनाचा आघातही त्यात धरला जातो, पण कागदावर असेल तरच.

एक बाब आपल्या घरांत हमखास सुटते: घरकामाची भरपाई, हाउसहाल्ट्सफ्यूरुंग्सशाडेन. जी भगिनी नोकरी करत नाही तिला वाटते, माझा पगार बुडाला नाही, मी काय मागणार? पण स्वयंपाक, धुणी, मुलांचे करणे यालाही येथे किंमत आहे, आणि मोलकरीण ठेवली नाही, नवऱ्याने किंवा सासूबाईंनी केले, तरीही ती मागता येते. हिशेब असा: आठवड्याला १५ तासांचे काम १२ आठवडे करता आले नाही, म्हणजे १८० तास, ताशी १० युरो धरले तरी १,८०० युरो. त्यासाठी कोणते काम कोणी केले याची वही ठेवावी.

यासाठी वाहतूक कायद्यातला वकील, फाखआन्वाल्ट फ्यूर फेरकेअर्सरेख्ट, करावा. चूक समोरच्याची असेल तर वकिलाची फीही त्याचाच विमा देतो.

आता मूळ मुद्दा. चौथ्या महिन्यात समोरच्या विमा कंपनीचे सौजन्यपूर्ण पत्र आले. ठोक रक्कम, सोबत एक फॉर्म. त्या अबफिंडुंग्सएर्क्लेरुंगवर सही केली की पुढचे सर्व हक्क संपतात. रक्कम वाईट दिसत नव्हती. पण प्लेट अजून पायातच होती, ती काढायचे ऑपरेशन वर्ष-दीड वर्षाने व्हायचे होते. थेरपी नुकतीच सुरू झाली होती. वकिलांनी आगाऊ रक्कम, फोरशुस, मागून घेतली आणि प्रकरण उघडे ठेवले. घाई करायचे कारण नसते. हक्क सांगायची मुदत साधारणपणे अपघाताचे वर्ष संपल्यापासून तीन वर्षे असते. सही केली ती २०२४ मध्ये, प्लेट निघाल्यावर, आणि पुढे सांधा झिजला तर त्याचा हक्क राखून ठेवणारे वाक्य घालूनच. तसेच, तुमची सर्व वैद्यकीय कागदपत्रे मागणारे सरसकट संमतिपत्र वकिलाला न दाखवता देऊ नये.

भेटायला येणाऱ्यांसाठी

आपली माणसे भेटायला येतात हे आपले मोठे धन. शेजारच्या जर्मन आजींना आमच्या घरची वर्दळ पाहून हेवा वाटला. पण प्रत्येक जण "नक्की कसे झाले, सुरुवातीपासून सांग" म्हणतो, आणि जखमी माणूस दिवसातून चार वेळा त्या मोटारीखाली जातो. ती हकिगत घरच्या दुसऱ्या कोणी सांगावी. "साडेसाती होती", "सायकल कशाला चालवायची या वयात" हेही टाळावे. त्याऐवजी विचारावे, "मंगळवारी मुलीला पोहायला मी नेऊ का?" आमच्या मंडळातल्या चार कुटुंबांनी आठवड्याचे डबे वाटून घेतले होते. त्या डब्यांचे ऋण कोणत्याही फॉर्मवर मांडता येणार नाही.

थोडक्यात, घरी एक फाइल करावी. तिचे तीन भाग: डॉक्टरांचे कागद, खर्चाच्या पावत्या, आणि रोजची वही. वहीत दुखणे, झोप, न जमलेली कामे, एकेक ओळ. आज लिहिलेली ओळ दीड वर्षाने डॉक्टरांना, वकिलाला आणि तुम्हालाही उपयोगी पडते. जानेवारीत शंभर पावले चालताना घाम फुटत होता हे वाचून जूनमध्ये धीर येतो. आणि कोणी सहीसाठी कागद पुढे केला, तर आधी स्वतःला विचारा: हाड पोचले, मन पोचले का? नसेल, तर तो कागद फाइलमध्ये ठेवा आणि वकिलाला फोन करा.